बदली माणूस आल्याशिवाय

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी पेण तालुक्यात महामार्गालगतच्या एका कारखान्याच्या फाटकावर दोन पाळ्यांची माणसे अडकली. रात्रपाळी बाहेर येऊ शकत नव्हती, सकाळपाळी आत जाऊ शकत नव्हती. बदली माणूस आल्याशिवाय भट्टीवरची जागा सोडायची नाही, असा कारखान्याचा नियम होता. बदली माणसे फाटकाबाहेर उभी होती. पण कंत्राटदाराच्या कचेरीतून येणारी त्यांची यादी आली नव्हती, आणि यादीशिवाय फाटक कोणाला आत घेत नव्हते. यादी करणारा प्रोग्राम थांबला होता. तो लिहिणाऱ्या बाई रोह्याला आपल्या घरी होत्या. त्यांचे नाव रिबेका वाकरूळकर. त्या बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातल्या. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत त्या विश्रांतीचा वार पाळत आणि कुठल्याही यंत्राला हात लावत नसत.

मी तेव्हा एका दैनिकाचा पेणचा वार्ताहर होतो. फाटकावर पोचलो तेव्हा कंत्राटदाराचे सुपरवायझर म्हात्रे जीप वळवत होते. म्हात्रे गडबचे, पन्नाशीतले, आवाजाने मोठे.

"रोह्याला चाललोय, मॅडमना आणायला. येताव तर बसा. पण पेपरात माझं नाव नको."

 नागोठण्यापुढे भिसे खिंडीत गाडी हळू झाली तेव्हा म्हात्रे म्हणाले, "शनवार हाय. बाई येणार नाय. पण जाऊन तर बघू."

रिबेकाबाईंचे घर रोह्याच्या बाजारामागच्या आळीत होते. त्या आणि त्यांची आई ओटीवर बसल्या होत्या. आत कोनाड्यात आदल्या संध्याकाळी लावलेला तेलाचा दिवा अजून जळत होता. बाई चाळिशीच्या, सडपातळ. बोलण्यापूर्वी चष्मा काढून हातात धरण्याची त्यांना सवय होती. म्हात्रे पायरीपाशीच उभे राहिले.

"मॅडम, यादी अडकली."

"संध्याकाळी निघते. तारे दिसले की."

"दोन पाळ्या अडकल्यात वो."

"म्हात्रे, आज शनवार."

"ते मला म्हाईत नाय काय? इतक्या वर्सांत कधी आलोय का मी शनवारचा तुमच्या दारात?"

बाईंनी चष्मा काढला. आईने विचारले, "आतली माणसं काय करतात रे?"

"भट्टीवर हायत, मावशी. रात्रभर उभी हायत. बदली जात नाय तवर हलता येत नाय. एक जण मघाशी चक्कर येऊन खाली बसला."

 आई म्हणाली, "माणसं आगीपुढं उभी हायत. जा गो. देवाला चालंल."

रिबेकाबाई उठल्या. शनिवारी पैशाला शिवायचे नाही म्हणून पर्स घरीच ठेवून त्या जीपमध्ये बसल्या.

कंत्राटदाराची कचेरी महामार्गाच्या कडेला, टायरवाल्याच्या शेजारी एका गाळ्यात होती. तिथे एकच कॉम्प्युटर होता. पाळीवर कोण येणार ते गावोगावचे मुकादम फोनवर सांगत आणि कारकून टाइप करी. एका माणसाची एक ओळ. टोकन, नाव, गाव, कामाचे खाते, सगळे एकामागोमाग, मध्ये स्वल्पविराम. रिबेकाबाईंचा प्रोग्राम ती ओळ स्वल्पविरामांच्या जागी तोडी आणि प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच्या रकान्यात ठेवी. ती यादी फ्लॉपीवर घालून म्हात्रे फाटकावर नेत.

त्या दिवशी गडबच्या ओळीत एक तुकडा जास्त आला होता. पाळीवर एकाच नावाचे दोघे होते. ओळखता यावेत म्हणून नव्या कारकुनाने एकाच्या गावापुढे स्वल्पविराम देऊन 'वरची आळी' असे लिहिले होते. गडबचा माणूस आपला पत्ता असाच सांगतो. पण त्या जादा तुकड्यामुळे खात्याच्या रकान्यात आळी आली आणि प्रोग्रामने सगळी यादीच धरून ठेवली.

बाईंनी ओळ पाहिली, कीबोर्डवरून हात बाजूला घेतला आणि विचारले, "हा वरच्या आळीचा, हे कुणी सांगितलं?"

"मुकादमानं," कारकून म्हणाला.

"त्या माणसालाच जाऊन विचारा. कुठल्या आळीचा, आणि कुठल्या खात्यात जायचंय."

म्हात्रे फाटकावर गेले. सकाळपासून ताटकळलेल्यांपैकी काही जण त्यांच्यामागून गाळ्याच्या दाराशी आले. एक जण ओरडला, "मॅडम, लगीन जमवायचंय काय त्याचं? येवढी चौकशी!" बाकीचे हसले. बाईंनी मान वर केली नाही. म्हात्र्यांनी नाव, आळी आणि खाते सांगितल्यावरच त्यांनी तो स्वल्पविराम काढला. तुकडे बरोबर आले. यादी निघाली, फाटक उघडले. परतीच्या वाटेवर बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.  बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली. तिच्यात त्यांचे किंवा म्हात्र्यांचे नाव नव्हते.

पुढे माझे त्या कचेरीत जाणे होत राहिले. काम शिकायला आलेल्या नव्या मुलांना बाई पहिल्या दिवशी कॉम्प्युटरपुढे बसवत नसत. गाळ्याबाहेर, रस्त्याच्या कडेला उभे करत. समोरून एसटी गेली की पाटी वाचायला लावत.

"ही पेणहून आली. वडखळला थांबली, गडबला थांबेल, नागोठण्याला थांबेल, रोह्याला पोचेल. तू ही वाट थांब्याथांब्यावर तोडलीस. आता सांग, थांबा गाडीत चढतो का?"

"नाही, मॅडम."

"गाडी जाते, थांबा तिथंच राहतो. तसंच हे. ओळ जिथं तोडशील ते चिन्ह कुठल्याच तुकड्यात सापडणार नाही. नंतर शोधत बसू नकोस. म्हणून तोडायच्या आधी बघायचं, कुठं तोडतोय."

ही कुठलीही भाषा शिकताना पहिल्या आठवड्यात सांगायची गोष्ट आहे, असे एका मुलाने त्यांना ऐकवले होते. त्या म्हणाल्या, "हो. आणि दुसऱ्या आठवड्यात सगळे विसरतात."

त्यांचे दुसरे म्हणणे रिकाम्या तुकड्याबद्दल होते. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर मध्ये काहीच नसलेला एक तुकडा निघतो. कारकुनांना तो आवडत नसे. ते तिथे काहीतरी भरून टाकत. एकदा डोंगरावरच्या वाडीतला एक कातकरी कामावर आला. कारकुनाने त्याच्या गावाच्या जागी 'गडब' लिहिले.

"तो गडबचा आहे?" बाईंनी विचारले.

"नाय मॅडम. त्याला गावच नाय. डोंगर हाय."

"वाडीचं नाव असेल."

"तो सांगत नाय."

"मग जागा रिकामी ठेव. सांगेल तेव्हा भरू. रिकामा तुकडापण तुकडाच आहे, तोही मोजायचा. खोटं गाव घातलंस तर उद्या याच्या घरी निरोप कुठं नेशील?"

महिन्याभराने त्या माणसाने आपणहून वाडीचे नाव सांगितले. बाईंनी ते स्वतः टाइप केले.

एक तुकडा कमी-जास्त झाला तर सगळी यादी का अडवायची, हा प्रश्न कचेरीत नेहमी निघे. त्यामागचे कारण म्हात्र्यांनी मला सांगितले. सुरुवातीला प्रोग्राम थांबत नसे. मिळतील ते तुकडे मिळतील त्या रकान्यात टाकून पुढे जाई. त्या काळात कारखान्याच्या आवारात एकदा आग लागली. भोंगा झाला, माणसे मैदानात जमली. यादीप्रमाणे एक माणूस कमी भरला. चौघे जण त्याला शोधायला धुरात गेले. तो माणूस त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. दुसऱ्याच्या ओळीचे तुकडे सरकून त्याच्या टोकनावर पडले होते. शोधायला गेलेल्यांपैकी एकाचा डावा हात भाजला. तो हात म्हात्र्यांचा होता.

"त्यावर बाय माझ्याशी एक शबूद बोलल्या नाय," म्हात्रे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बसल्या नि ती मोजणी घातली. तुकडे मोजल्याबिगर यादी निघणारच नाय."

यादी थांबली की पडद्यावर चुकलेल्या ओळीचा क्रमांक येई. ती ओळ दुरुस्त करणे अवघड नव्हते. पण श्रावणातल्या त्या शनिवारच्या बऱ्याच आधी एकदा एका कारकुनाने सकाळच्या घाईत ती ओळच पुसून टाकली. यादी निघाली, फाटक उघडले. गर्दीत तो माणूसही आत गेला आणि दिवसभर यादीत नाव नसताना भट्टीपाशी काम करत राहिला. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांची मोजदाद जुळेना तेव्हा ते कळले. त्या दिवशी बाईंनी थांबलेल्या यादीतली ओळ बदलण्यावर पासवर्ड लावला. तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. त्या दिवसापासून यादी थांबली की फोन रोह्याला जाऊ लागला.

श्रावणातल्या त्या शनिवारनंतर शनिवारीही फोन जाऊ लागले. कंत्राटदाराला सगळे शेठ म्हणत. शेठ फोनवर पहिले वाक्य एकच बोलत, "मॅडम, माणसं आगीपुढं उभी आहेत." हे शब्द त्यांना म्हात्र्यांकडून कळले होते. आई दारात येऊन म्हणे, "एकदा जा म्हटलं, ते दर वेळेला झालं काय गो?" रिबेकाबाई पर्स ठेवत आणि निघत.

त्यांचा भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक झाला होता. दोघींनी तिकडे यावे, असे तो दर रविवारी फोनवर सांगे. आईला नातवंडे पाहायची होती, पण मुलीला सोडून जायला ती तयार नव्हती. रिबेकाबाईंनी राजीनामा दिला. शेठ म्हणाले, "खुशाल जा. बदली माणूस तयार करा आणि जा."

त्यांनी माणसे तयार केली. पहिला मुलगा चांगला शिकला आणि पुण्याला नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आला. दुसरी पेणची मुलगी. तिचे लग्न ठरले, ती ठाण्याला गेली. तिसऱ्याने दोन महिन्यांत, एवढी जबाबदारी नको, असे सांगितले. म्हात्रे म्हणत, "मॅडम, तुमच्या हाताखाली शिकला की जो तो सुटतो. तुम्हीच तेवढ्या अडकलाव." बाई हसत. चौथा मुलगा आला. तो टिकेल असे सगळ्यांना वाटले. मायलेकींचे कागद झाले, तिकिटे काढली. न्यायला भाऊ स्वतः आला.

निघण्याच्या आदल्या गुरुवारी घरी मलिदा होता. प्रवासापूर्वी किंवा नवस फेडताना त्यांच्या समाजात तो करतात. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे आणि वेलची घालून ताट भरतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू नबीचे नाव घेऊन प्रार्थना म्हणतात. पोहे पेणच्या गिरणीतले होते, म्हात्र्यांनी आणलेले. प्रार्थना म्हणायला अलिबागकडून दोन म्हातारे गृहस्थ आले होते. रोह्यात म्हणणारे कोणी उरले नव्हते.

प्रार्थना संपली, प्रसाद वाटला गेला. तेवढ्यात शेठ आले. त्यांनी हात धुऊन मलिदा घेतला, आईच्या पाया पडले आणि रिबेकाबाईंना सांगितले की, चौथ्या मुलाचा मुंबईहून फोन आला होता. तो तिथे रुजू झाला होता.

 शेठ पुढे म्हणाले, "मला तुम्हाला अडवायचं नाही, मॅडम. ती एक मोजणी तेवढी काढून टाका. यादी थांबायचं बंद होईल. मग फोन नको, पासवर्ड नको. तुम्ही सुटलात, मी सुटलो."

"शेठ, माणूस आत असला आणि यादीत नसला, तर भोंगा झाल्यावर त्याला कोण शोधणार?"

"इतक्या वर्षांत एकदा झालं."

"मोजणी नव्हती तेव्हा झालं."

भाऊ मध्ये पडला. "रिबे, हे यांचं काम आहे. तू काय जन्मभर यांची पहारेकरी?"

बाईंनी चष्मा काढला. "बदली नाही आली तर माणूस भट्टी सोडतो का रे?"

"तू भट्टीवर नाहीस."

आई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "काढून टाक गो. पुष्कळ झालं."

"आई, माणसं आगीपुढं उभी आहेत, असं तूच म्हणालीस ना?"

 आई ताटाभोवती सांडलेले पोहे एकेक करून वेचू लागली. म्हात्रे दाराशी उभे होते. त्यांनी डावा हात खिशात घातला आणि ते बाहेर गेले.

आई मुलाबरोबर गेली. बदली मिळाली की महिन्याभरात येते, असे रिबेकाबाईंनी तिला विमानतळावर सांगितले. त्यानंतर दोन मुले शिकून गेली. बाई सकाळी रोह्याहून निघत, संध्याकाळी परत येत. शनिवारी ओटीवर बसत आणि फोन आला की निघत. "कधी जाणार?" असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "दर शनवारी सकाळी वाटतं, आज नाही वाजला तर पुढच्या आठवड्यात निघेन. वाजतो."

आईच्या मृत्यूची बातमी एका सोमवारी सकाळी भावाच्या फोनवरून आली. दफन त्याच दिवशी व्हायचे होते. तिथे पोचणे शक्य नव्हते. रिबेकाबाई सात दिवस दुःख पाळायला घरात जमिनीवर बसल्या. शेजारणी जेवण आणून देत होत्या. मी गुरुवारी भेटायला गेलो, तेव्हा म्हात्रे पायरीवर बसलेले होते. सकाळपाळीची वेळ होऊन गेली होती.

"यादी निघाली का, म्हात्रे?" बाईंनी आतून विचारले.

"निघंल."

"म्हणजे थांबली आहे."

"थांबली हाय."

"मग इथं काय करताय?"

"मावशीचं कळलं, म्हणून आलो. यादीसाठी नाय आलो."

"पाळी अडकली असेल."

"अडकली हाय. सगळ्यांना सांगितलंय, मॅडमची आई गेली. फाटकावर कोण काय बोलला नाय. आतली पण थांबलीत. म्हणाली, थांबतो."

 बाई म्हणाल्या, "कुठली ओळ?"

म्हात्र्यांनी एका माणसाचे नाव सांगितले. मुकादमाने त्याची दोन खाती सांगितली होती आणि कारकुनाने दोन्ही टाइप केली होती.

"त्याला विचारलंत?"

"इचारलं. आधी फाटकावर गेलो, त्याला धरला, मंग इकडं आलो. तो म्हणतो, कोळशावर हाय मी, दुसरं पुढल्या आठवड्यापास्नं."

रिबेकाबाईंनी चष्मा काढला. बसल्या जागेवरून त्यांनी पासवर्ड सांगितला. म्हात्र्यांनी तो तीनदा म्हणून दाखवला.

"ओळ पुसायची नाही," त्या म्हणाल्या. "आधी माणसाला विचारायचं, मग दुरुस्त करायचं, मग तुकडे मोजू द्यायचे."

"म्हाईत हाय," म्हात्रे म्हणाले आणि उठले.

यादी निघाली. म्हात्र्यांना एका बोटाने टाइप करायला वेळ लागला. त्या आठवड्यात ती आणखी एकदा थांबली आणि पुन्हा निघाली. सात दिवस संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी रोह्याला गेलो होतो. रिबेकाबाई ओटीवर होत्या. फोन आत स्टुलावर होता आणि त्यांची पाठ त्याच्याकडे होती. दुपार झाली. शेजारणीने विचारले, "आज नाय वाजला गो?" त्या म्हणाल्या, "नाही." संध्याकाळी तारे दिसेपर्यंत तो वाजला नाही. रविवारी म्हात्र्यांनी सांगितले की, शनिवारी यादी थांबली होती.

आईच्या वर्षदिनाला कबरीवर जायचे म्हणून रिबेकाबाईंनी रजा मागितली. शेठनी बदली मागितली नाही. म्हात्रे त्यांना जीपने विमानतळावर सोडायला निघाले. मी पेणपर्यंत बरोबर होतो. कारखान्यासमोर आलो तेव्हा पाळी बदलत होती. रस्त्यावर ट्रक अडकले होते, जीप फाटकासमोरच थांबली. आत जाणारे आत जात होते, बाहेर येणारे बाहेर येत होते.

"मोजलीत?" बाईंनी विचारले.

"मोजली," म्हात्रे म्हणाले.

वडखळ नाक्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला. परतीचे तिकीट त्यांच्या पर्समध्ये होते. त्या परतल्या नाहीत.